इम्पेलर नवा घातला, तरी मशीन तापतंय: पंपाचं नेमकं काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा. दापोली भागात एकांची फायबरची होडी आहे. त्यांनी जुनं, वापरलेलं ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं मशीन, घेतलं आणि आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतात. मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागून पडणारी धार बारीक झाली, वेग वाढवला की मशीन तापल्याचा बझर वाजू लागला. त्यांनी बाजारातून इम्पेलर, म्हणजे पाणी चढवणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, आणला, व्हिडिओ बघून स्वतःच घातला. पंधरा दिवस धार छान पडली, मग पुन्हा मूळपदावर. आता विचारतात, पूर्ण पंप बदलू का? स्वतः करू की मिस्त्रीला देऊ? आणि जाता जाता एक, वेग कमी ठेवून एवढा सीझन काढता येईल का?

शेवटचं आधी घेतो, कारण खरा खर्च तिथे आहे. नाही काढता येणार. बझर वाजतो तेव्हा हेड आधीच तापलेलं असतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्याच्याभोवतीची स्लीव्ह बिडाची. ॲल्युमिनियम भराभर फुगतं, बीड सावकाश. मधला तेलाचा पापुद्रा तुटला की पिस्टन स्लीव्हला धरतो आणि मशीन जागच्या जागी जाम. पंपाचा किट आणि बोअरिंग-पिस्टनचं काम, दोन्ही बिलं शेजारी ठेवून बघा. आणि हे होणार समुद्रात, होडीत लोकांची पोरंबाळं बसलेली असताना. तेव्हा धार नीट होईपर्यंत होडी वर ठेवा.

आता मूळ गोष्ट. तुम्ही पंप बदललेला नाहीत, इम्पेलर बदललात. दोन्हीत फरक आहे, आणि तुमचं दुखणं बहुतेक त्या फरकातच आहे.

गिअरबॉक्सच्या डोक्यावर, जिथून उभा शाफ्ट वर इंजिनाकडे जातो, तिथे पंप बसलेला असतो. रबराचा इम्पेलर शाफ्टवर एका चिमुकल्या चावीने अडकवलेला असतो, त्याला बहुतेक मशीनमध्ये ६ पाती. त्याच्यावर हाउसिंग, म्हणजे पंपाचं कवच. हाउसिंगच्या आत स्टेनलेसची पातळ वाटी, म्हणजे लायनर. खाली स्टेनलेसची प्लेट, तिच्या खाली-वर पॅकिंग. वर पाण्याची नळी ज्यात घुसते ते रबरी बूच. हे सगळं मिळून पंप होतो. वाटीचा मध्य आणि शाफ्टचा मध्य मुद्दाम एका रेषेत ठेवलेले नसतात. त्यामुळे पाती एका बाजूला दुमडतात आणि दुसऱ्या बाजूला उलगडतात. उलगडताना पाणी ओढलं जातं, दुमडताना वर ढकललं जातं. म्हणजे पात्याचं टोक वाटीला आणि पात्याची कड प्लेटला घासून बसली तरच पाणी चढणार. वाटीला चर पडले असतील तर नवीन रबर काय करील? पाणी चरातून मागे जाणार. शिवाय ते चर नव्या रबराला कानशीसारखे घासतात. पहिले काही दिवस रबर कडक आणि पूर्ण मापाचं असतं म्हणून धार दणकून पडते. मग टोकं झिजतात आणि तुम्ही पुन्हा पहिल्या जागी.

धार बघून काय समजायचं, हेही सांगायला हवं, कारण त्यात बरेच जण फसतात. हा पंप संथ वेगात आणि पूर्ण वेगात सारखा वागत नाही. संथ असताना पाती भिंतीला टेकलेली असतात आणि मोजून पाणी ढकलतात. फेरे वाढले की पाण्याच्या दाबाने पाती आत वळतात, भिंतीशी पूर्ण टेकत नाहीत, आणि पंप नुसता पाणी भिरकावणारा पंखा होतो. म्हणून पंप झिजला असेल तर त्रास आधी संथ वेगात दिसतो: जेटीवर उभं असताना धार पिचकते आणि वेग दिला की बरी होते. उलट, संथ असताना धार ठीक पण वेग दिला की बझर, असं असेल तर पंपाला दोष देण्याआधी वाट कुठे अडली आहे ते शोधा. पाणी घ्यायच्या जाळीत प्लास्टिक, वरच्या मार्गात मीठ साचलेलं, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वाट उघडणारी झडप) अडकलेला, नाहीतर मशीनच ट्रान्समवर, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर, उंच बसवलेलं. तुम्ही दोन्ही लक्षणं एकत्र सांगितली आहेत. त्यामुळे तुमच्याकडे एकाहून जास्त दुखणी असू शकतात, हे मनात ठेवूनच खोला.

दुसरं म्हणजे, धार ही सगळ्या पाण्याची मोजदाद नव्हे. इंजिनात जाणाऱ्या पाण्याची एक छोटी फांदी तेवढी बाहेर काढून दाखवलेली असते. त्या भोकात वाळूचा कण किंवा मिठाचा खडा बसला तर पंप ठणठणीत असूनही धार बंद होते. म्हणून माझ्याकडे कोणी आलं की मी पाना हातात घेण्याआधी भोकात नायलॉनची जाड गरी-दोरी घालून फिरवतो. हे करून निम्म्या वेळा तरी माणूस हसत परत गेलाय. तुम्ही हे आधी केलं नसेल तर आजच करा. पण धार सुधारली म्हणून बझर विसरू नका. बझर हेडच्या उष्णतेवर वाजतो, त्याचा धारेशी संबंध नाही.

आता तुमचे ते "पंधरा दिवस". माझ्या दृष्टीने प्रश्नातली सर्वांत उपयोगी माहिती तीच आहे. घरच्या घरी इम्पेलर बदलणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे गिअरबॉक्स परत वर चढवताना पाण्याची नळी बुचात न शिरणं. नळी बाजूला राहते, पंप जोरात चालतो आणि पाणी मधल्या पोकळीत सांडत बसतं. पण ही चूक पहिल्याच दिवशी दिसते. तुमची धार पंधरा दिवस चांगली होती, म्हणजे नळी जागेवर बसली होती, चावीही बसली होती, पाती उलटी नव्हती. तिथे तुम्ही पास झालात. मग उरतात चार संशयित.

एक, लायनर आणि प्लेट झिजलेली. याचं वर सांगितलं.

दोन, इम्पेलर कोरडा चालला. खरं सांगा, बदलून झाल्यावर किनाऱ्यावरच "बघू चालू होतंय का" म्हणून मशीन मारलंत ना? सगळेच मारतात. उभा शाफ्ट थेट क्रँकला जोडलेला असतो. गिअर न्यूट्रलला असला तरी इम्पेलर इंजिनाइतकेच फेरे घेतो. आयडलला मिनिटाला ९०० फेरे धरले तरी सेकंदाला १५ झाले. पाणी हेच त्याचं वंगण. पाणी नसताना रबर स्टेनलेसवर घासतं, तापतं, पात्यांची टोकं करपतात. दहा-पंधरा सेकंदांत इम्पेलर मरत नाही कदाचित, पण आयुष्य तिथेच कमी होतं.

तीन, माल. इम्पेलरच्या मध्यभागी धातूचा बुश असतो आणि त्यावर रबर चिकटवलेलं असतं. हलक्या मालात तो जोड सुटतो. मग बुश शाफ्टबरोबर फिरतो आणि रबर जागच्या जागी राहतं, किंवा हळू असताना बरोबर फिरतं आणि जोर आला की घसरतं. बाहेरून बघाल तर सहाच्या सहा पाती शाबूत. माझ्याकडे असा एक इम्पेलर आला होता, मालकाने तो तीनदा काढून बघून "काही झालं नाही" म्हणून परत घातलेला. तपासायची पद्धत सोपी आहे. बुश पकडीत धरा आणि रबर हाताने पिळून बघा. जरा जरी सरकलं तरी टाकून द्या.

चार, वाळू. दापोलीकडे मुरूड, कर्दे, लाडघर, बहुतेक ठिकाणी होड्या पुळणीवरूनच सुटतात. आमच्याकडे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथेही हीच तऱ्हा. सुकतीला पाणी गुडघाभर असतं आणि पंख्याने (प्रोपेलरने) उकरलेली वाळू सरळ जाळीतून पंपात जाते. खोल पाण्यात धंदा करणाऱ्याचा पंप जितका टिकतो, तितका पुळणीवरून सुटणाऱ्याचा कधीच टिकणार नाही. होडी वल्ह्याने किंवा ढकलून कमरेएवढ्या पाण्यात न्या आणि मग मशीन मारा. मी हे दरवर्षी सांगतो. पोरं मान डोलावतात आणि गिऱ्हाईक बसलं की तिथूनच थ्रॉटल खेचतात.

यातलं नेमकं कुठलं, हे खोलल्याशिवाय मी इथे बसून सांगू शकत नाही. पण खोललंत की जुने भाग स्वतःच बोलतात. त्यासाठी पद्धत सांगतो. तुमच्या मॉडेलप्रमाणे बोल्टची जागा थोडी इकडेतिकडे होईल.

मशीन उभं, न्यूट्रलमध्ये, प्लग काढलेले, सुरक्षेची दोरी काढून खिशात. प्लग काढायचे कारण पुढे शाफ्ट जुळवताना फ्लायव्हील हाताने फिरवायला लागतं, आणि पंख्याजवळ हात असताना मशीन चुकूनही चालू होता कामा नये. काही मॉडेलमध्ये एक बोल्ट मागच्या छोट्या सुकाणूसारख्या झिंकच्या तुकड्याखाली लपलेला असतो. तो तुकडा काढण्याआधी त्याच्या कडेला मार्करने खूण करा, नाहीतर नंतर होडी एका अंगाला ओढते आणि माणूस स्टिअरिंगला शिव्या देत बसतो. गिअरची दांडी जिथे जोडलेली आहे तिथे नट सोडवण्याआधी किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवा, फोटो काढा. ती दांडी वर-खाली बसली तर नंतर गिअर अर्धवट पडेल.

बोल्ट. इथे घाई केलीत तर सगळं काम बिघडेल. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात वर्षानुवर्षं बसला की दोघं एकमेकांत मुरतात, पांढरी भुकटी धरते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या आणि पाना आधी घट्ट करायच्या दिशेने जरासा हलवा, मग सोडवायच्या. हलला, थांबला, पुन्हा तेल. "कर्रर्र" आवाज करत फिरतोय तोवर ठीक. पाना एकाएकी मऊ लागला, लोण्यात फिरल्यासारखा, की थांबा. बोल्ट पिळतोय. मी नवा होतो तेव्हा असा एक ६ मिलिमीटरचा बोल्ट पंपाच्या हाउसिंगवर मोडला होता. काम वीस मिनिटांचं, तो तुकडा ड्रिल करून नवे आटे पाडायला अख्खा दिवस गेला, वर उस्तादांचं तोंड दिवसभर ऐकलं ते वेगळं. उष्णता दिली तर बोल्ट सुटतात, पण पेट्रोलची टाकी आणि नळी लांब नेल्याशिवाय आग जवळ आणू नका.

बोल्ट निघाले की गिअरबॉक्स खाली यायला हवा. येत नसेल तर फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. ती जागा सपाट राहायला हवी. रबरी हातोडीने चारी बाजूंनी ठोकत खाली घ्या, आणि दुसऱ्या माणसाला खाली हात धरायला सांगा. वजन एकदम येतं.

आता पंप समोर आला. घाई न करता एकेक थर काढा, प्रत्येक थराचा फोटो, आणि सुटे भाग फळीवर त्याच क्रमाने मांडा. इम्पेलर काढण्याआधी पाती कुठल्या बाजूला वळली आहेत ते बघून ठेवा. इम्पेलर वर सरकवताना एक हात शाफ्टला लावून ठेवा, कारण चावी तिथेच असते आणि ती पडतेच. पुळणीवर काम करत असाल तर खाली ताडपत्री अंथरा. वाळूत पडलेली चावी शोधणं हा धंदा मी केलेला आहे.

आता तपासणी. पाती मोजा. सहा हवीत. पाच निघाली तर सहावं पातं कुठे गेलं? ते वर गेलं. पाण्याच्या नळीत, थर्मोस्टॅटच्या तोंडाशी किंवा हेडच्या मार्गात अडकून बसलंय, आणि ते निघेपर्यंत तुम्ही दहा पंप बदललेत तरी मशीन तापणारच. तुमच्या बाबतीत पहिला, म्हणजे गेल्या वेळी काढलेला इम्पेलरही महत्त्वाचा आहे. तो फेकला नसेल तर त्याचीही पाती मोजा. जुन्या मालकाच्या काळात तुटलेला तुकडा अजून आत असेल, ही शक्यता वापरलेल्या मशीनमध्ये नेहमी धरावी. तुकडे शोधायला वरून पाण्याच्या मार्गात हवा किंवा नळाचं पाणी उलट्या दिशेने, म्हणजे वरून खाली, मारतात. खालून मारलंत तर तुकडा आणखी घट्ट बसेल.

मग वाटीच्या आतून अंगठ्याचं नख फिरवा. नख कुठेही अडकलं की वाटी बाद. प्लेटवर गोल चकाकणारा पट्टा असणारच, तो चालतो. पण त्या पट्ट्याच्या कडेला नख अडलं तर प्लेटही बाद. पाती टेबलावर मोकळी ठेवून बघा. निरोगी रबर सरळ व्हायला धडपडतं, म्हातारं रबर वाकलेलंच राहतं. टोकं चकचकीत, काळी आणि काचेसारखी कडक झाली असतील तर ते कोरडं चालल्याचं लक्षण. टोकं गोल झिजलेली आणि कडांना बारीक रेघा असतील तर ती वाळू. आता कळलं ना, तुमच्या चारांपैकी कोण ते?

माझं स्वतःचं मत असं की खोललंच आहे तर पूर्ण किट घाला: इम्पेलर, लायनर, प्लेट, पॅकिंग, चावी, रबरी बूच. नुसता इम्पेलर घालायचा तर वाटी आणि प्लेट नव्यासारखी असेल तरच. ब्रॅकेटवर जी पट्टी असते तिच्यावरचा मॉडेल आणि अनुक्रमांक घेऊन दुकानात जा. "४० चा द्या" म्हणालात तर मिळेल ते ४० चंच असेल, तुमच्या सालाचं असेल असं नाही. एकाच कंपनीच्या ४० एचपीमध्ये दोन आणि तीन सिलिंडरची मशीनं आलेली आहेत.

पंपाखाली शाफ्टचे ऑइल सील असतात, ते दिसत असतानाच बघून घ्या. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू जरा सैल करा. तेल दुधाळ आलं तर पाणी आत जातंय. सील आता बदलले नाहीत तर हाच गिअरबॉक्स महिन्याभरात पुन्हा खाली घ्यावा लागेल.

बसवताना खालची जागा घासून अगदी स्वच्छ करा, जुन्या पॅकिंगचा कण राहू देऊ नका. पॅकिंग आणि प्लेटची भोकं एकाच बाजूने जुळतात, जबरदस्ती करू नका. चावी शाफ्टच्या खाचेत ग्रीसच्या ठिपक्याने चिकटवा, म्हणजे इम्पेलर सरकवताना पडत नाही. माझ्याकडच्या एका पोराने एकदा चावी न घालताच सगळं बंद केलं. मशीन सुंदर चालू झालं, पाणी शून्य. शाफ्ट आत फिरत होता आणि इम्पेलर आराम करत होता. रबराला आणि वाटीला मी साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावतो, रबराला ग्रीस लावत नाही. हाउसिंग वरून दाबत असताना शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, वरून बघताना, हळूहळू फिरवा. पाती आपोआप बरोबर बाजूला झोपतात. त्यांची टोकं फिरण्याच्या उलट्या बाजूला, मागे वळलेली दिसली पाहिजेत. यानंतर शाफ्ट उलटा अजिबात फिरवू नका. आणि जुना इम्पेलर उलटा करून "दुसरी बाजू वापरू" हा शहाणपणा करू नका. वाकलेलं रबर उलटं वळवलं की मुळातून फाटतं.

गिअरबॉक्स वर चढवताना तीन गोष्टी एकाच वेळी जुळायला हव्यात: शाफ्टचे दाते क्रँकमध्ये, पाण्याची नळी बुचात, गिअरची दांडी तिच्या जागी. शाफ्टच्या दात्यांना बाजूने मरीन ग्रीस लावा, पण शाफ्टच्या वरच्या टोकावर ग्रीसचा गोळा ठेवू नका. आत हवा-ग्रीस कोंडतं आणि शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. नळीच्या टोकाला ग्रीसचा हात फिरवा आणि एकाने बॅटरी धरून आत बघत राहा. सगळं जुळून शेवटची बोटभर फट राहिली तर बोल्टने ओढून ती मिटवू नका. तिथेच हाउसिंग फुटतं. फ्लायव्हील वरून घड्याळाच्या दिशेने तसूभर फिरवा, दाते बसले की गिअरबॉक्स "टक्" करून वर जातो. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावूनच घाला. तुम्ही नाही तर तुमच्यानंतर खोलणारा दुवा देईल.

आता थर्मोस्टॅट. तुमच्या "वेगात बझर" या तक्रारीसाठी हा पंपाइतकाच महत्त्वाचा आहे आणि काढायला फार सोपा. हेडच्या झाकणाखाली असतो. काढून भांड्यात पाणी, त्यात थर्मामीटर, गॅसवर ठेवा, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा. या जातीच्या टू-स्ट्रोकमध्ये साधारण ५० अंशांच्या आसपास तो उघडायला लागतो. उकळी फुटायला आली तरी तोंड मिटलेलंच असेल तर चोर सापडला. झाकण उघडल्यावर आत मिठाचे पांढरे खडे दिसले तर समजा की आधीच्या मालकाने गोड्या पाण्याने मशीन धुतलंच नाही. थर्मोस्टॅट काढून टाकून तसंच चालवायचा सल्ला किनाऱ्यावर कोणी ना कोणी देईल. मशीन थंड राहील, पण टू-स्ट्रोक गरम न होता चालला की प्लग काळे होतात, पेट्रोल जास्त पितो आणि काजळी साचते. नवीन घाला.

आणि मशीन किती खाली बसलंय तेही बघा, कारण होडी तुमची आणि मशीन दुसऱ्या होडीवरचं. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा त्याहून फार तर इंचभर खाली हवी. वर असेल तर वेग घेतला की जाळीत पाण्याबरोबर हवा शिरते, आणि मग नवा कोरा पंपही काही करू शकत नाही.

हे सगळं नीट असूनही बझर वाजला तर कम्प्रेशन मोजून घ्या. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल किंवा धारेतून पाण्याबरोबर फुसफुस वाफ-धूर येत असेल तर हेडचं पॅकिंग गेलेलं असण्याची शक्यता मोठी. तुमचं मशीन आधी काही वेळा तापलेलं आहे, त्यामुळे ही गोष्ट मी गृहीत धरूनच चाललो असतो. ते काम पंपाचं नाही, ते मिस्त्रीचं.

चाचणी किनाऱ्यावर कोरडी घेऊ नका, हे आता वेगळं सांगायला नको. कापलेल्या ड्रममध्ये, पाणी आडव्या पट्टीच्या चांगलं वर येईल एवढं भरून, पंखा काढून मशीन चालू करा. जाळीवर लावायचे रबरी कप असतील तर आधी नळ सोडा, मग मशीन, आणि फक्त आयडल. धार अर्ध्या मिनिटात यायला हवी. पाच-सात मिनिटांनी धारेखाली हात धरा. पाणी कोमट लागलं पाहिजे. हात काढून घ्यावासा वाटला तर बंद करा.

किती दिवसांनी बदलायचा, याचं पुस्तकातलं उत्तर आणि कोकणातलं उत्तर वेगळं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात. तीन-चार महिने मशीन उभं, आणि त्या सबंध काळात दोन-तीन पाती एकाच जागी दुमडून बसलेली. रबर तसंच वाकून मरतं. मी माझ्या गिऱ्हाइकांच्या मशीनचे इम्पेलर नारळी पौर्णिमेच्या आधी बदलतो, दरवर्षी, चांगला दिसला तरी. एक जुने तांडेल दर साली हुज्जत घालायचे, "पाणी येता ना रे, मगे कित्याक खोलतंस?" एका वर्षी त्यांचं ऐकलं. दिवाळीच्या गर्दीत त्यांना दुसऱ्या होडीने ओढून आणावं लागलं. पुढच्या श्रावणात ते स्वतःच मशीन खांद्यावर घेऊन आले, हुज्जत मात्र तीच.

स्वतः करायचं की नाही, ते पहिला बोल्ट ठरवेल. तो तेल आणि ठोक्यांनी सुटला तर पुढचं सगळं तुमच्या आवाक्यातलं आहे, एकदा इम्पेलर घालून तुम्ही ते दाखवलंय. पाना मऊ लागला तर तिथेच सोडा आणि गिअरबॉक्स न खोलता अख्खं मशीन मिस्त्रीकडे न्या. अर्धा मोडलेला बोल्ट घेऊन गेलात तर बिल दुप्पट होईल. नेताना दोन्ही इम्पेलर, गेल्या वेळचा आणि आत्ता निघणारा, पिशवीत घालून सोबत न्या, आणि त्याच्यासमोर पाती मोजा.